कांदा रायपूरला, पोहे नाशिकला: ट्रकच्या केबिनमधले आठ दिवस

पिंपळगाव बसवंतला माझ्या मामाचं कांद्याचं खळं आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथून भरलेल्या गाड्या संध्याकाळी हायवेला लागताना बघत बसायचो. त्या पुढे कुठे जातात, कुठला माल घेऊन परत येतात आणि हे सगळं कोण ठरवतं, ते विचारायचं राहूनच गेलं होतं. यंदा एप्रिलच्या शेवटी उन्हाळ कांद्याची एक गाडी रायपूरला निघाली, तेव्हा तिच्याबरोबर गेलो.

कोणाला असं जायची इच्छा झाली तर एक गोष्ट आधीच सांगतो. मालवाहू गाडीत हौसेनं बसलेल्या माणसाला विम्याचं संरक्षण मिळत नाही. मालाचा मालक किंवा त्यानं अधिकार दिलेला माणूस मालासोबत जाऊ शकतो. मी मामाचं पत्र खिशात घेऊन, मालाचा माणूस म्हणून गेलो. केबिनमध्ये किती जणांना परवानगी आहे तेही आरसी बुकात पाहून घ्यावं.

पहिला दिवस, शनिवार: पिंपळगाव ते धुळे

‘डिस्पॅचर’ हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नाही. ट्रान्सपोर्टवाला, बुकिंगवाला, नाहीतर नुसता भाऊ. मामाच्या गाड्या ठरवणारा भाऊ चाळिशीचा आहे. हायवेलगत एका खोलीचं ऑफिस, एक टेबल, दोन फोन आणि एक जाडजूड वही. वहीत प्रत्येक गाडीला एक पान. नंबर, पासिंग किती टनांचं, टायर कधी बदलले, विमा कधी संपतो. आणि शेवटचा रकाना मला अगदी अनपेक्षित होता: ‘ड्रायव्हर घरी कधी’. आमच्या गाडीच्या पानावर त्यात लिहिलं होतं, ‘पुढचा रविवार, पुतणीची हळद’.

ड्रायव्हरला सगळे अण्णा म्हणतात. वय साठीकडे झुकलेलं, तीस वर्षांहून जास्त स्टेअरिंगवर. मी पोचलो तेव्हा दोघांचं बोलणं चालू होतं.

“अण्णा, पार्टी सोमवारी पहाटे माल मागतेय.”

“मी एकटा आहे भाऊ. सोमवार धरला तर झोप कुठं धरू?”

भाऊनं त्यावर एक शब्दही न बोलता रायपूरला फोन लावला. “मंगळवार पहाट. त्याच्या आधी होणार नाही. पटत असेल तर गाडी भरतो.” पलीकडून थोडी कुरकुर झाली, मग होकार आला.

हिशेब साधा आहे. पिंपळगाव ते रायपूर साधारण ९४० किलोमीटर. भरलेली दहा टायर गाडी घाट, टोल, चहापाणी धरून तासाला सरासरी ३५ किलोमीटर पडते. म्हणजे २७ तास नुसतं चालवणं. २०२५ च्या नोव्हेंबरपर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं म्हटलं होतं. भाऊच्या हिशेबात दिवसाला नऊ-दहा तास येतात. म्हणजे मंगळवार धरूनही ती आठ तासांची मर्यादा पाळली जात नाहीच. दोन ड्रायव्हर ठेवायला भाडं पुरत नाही, हे मी पुढे रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाकडून ऐकलं, आणि दर वेळी मला ते लागलं.

गाडी भरताना अण्णा फाळक्यापाशी उभे राहिले ते शेवटची गोणी चढेपर्यंत. रायपुरात दोन आडत्यांकडे माल उतरायचा होता. ज्याचा माल आधी उतरणार तो शेवटी चढवायचा. भाऊनं कागदावर तसा क्रम लिहून दिला होता, पण अण्णांनी तो उलटा करायला लावला. “हा दुसरा म्हणता त्याचा गाळा गेटजवळ आहे. तिथं गाडी पहाटेच लागते, उजाडल्यावर रिक्षा-टेम्पोंनी जागाच राहत नाही. ह्याचा माल आधी उतरू द्या.” भाऊनं कागद खोडून नवा लिहिला. रायपूरची मंडी त्यानं कधी बघितलेली नाही आणि तो तसं सरळ सांगतो.

साडेतीनशे गोण्या चढल्या. थरांमध्ये हवा खेळायला फटी सोडल्या, कारण कोंडलेला कांदा घाम सोडतो आणि सडतो. मागे वजन जास्त झालं की पुढची चाकं हलकी होतात आणि घाटात स्टेअरिंग ऐकत नाही, म्हणून जड गोण्या अण्णांनी पुढच्या बाजूला घ्यायला लावल्या. काट्यावर माल भरला १७ टन ८०० किलो.

पाच वाजता निघालो. चांदवडला हायवेवरूनच रेणुकामातेला हात जोडले, राहूड घाट सावकाश उतरलो, मालेगाव मागे टाकलं आणि दहाच्या सुमारास धुळ्याजवळच्या ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी वाटी मागितली.

दुसरा दिवस, रविवार: खान्देश, वऱ्हाड आणि ऊन

पहाटे साडेतीनला अण्णा उठले. हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन एकेका टायरवर ठोका मारत गाडीभोवती फिरले. हवा बरोबर असेल तर ठणठणीत आवाज येतो, कमी असेल तर भदभद. मागच्या जोडचाकांतलं आतलं टायर बसलेलं असलं तर डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतं. पुढे प्रत्येक थांब्यावर हे झालंच.

धुळ्यापासून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला. जुने ड्रायव्हर अजून त्याला सहा नंबरच म्हणतात. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. जळगावच्या अलीकडे केळीच्या बागांमधून जाताना पहाटेचा गारवा केबिनमध्ये येत होता, तेवढाच काय तो सुखाचा तास. नांदुऱ्याला १०५ फुटी हनुमान दिसला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. अकरा वाजता खामगावजवळ गाडी लिंबाखाली लावली.

इथे मला भाऊ आणि अण्णांमधली एक जुनी तडजोड कळली. निघायच्या आधी भाऊनं विचारलं होतं, “समृद्धीनं जाता का? वेळ वाचेल.” अण्णा म्हणाले होते, “मागचे चार टायर अर्धे झालेत. एप्रिलच्या उन्हात, भरल्या गाडीला, काँक्रीटवर? नको.” तापलेलं टायर फुटलं की मालासकट माणूस जातो. मग ठरलं की सहा नंबरनं जायचं, दुपारी अकरा ते पाच थांबायचं आणि गार वेळेला चालायचं. टायर फार तापलं असेल तर त्यावर पाणी ओतायचं नाही आणि तापलेल्या टायरची हवाही सोडायची नाही, त्याला नुसतं सावलीत उभं करायचं, हेही अण्णांनी मला तिथे शिकवलं.

ती दुपार मी विसरणार नाही. इंजिन बंद करूनही केबिनची धग जात नव्हती. अण्णांनी पंचा ओला करून अंगावर घेतला आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. मी घामानं निथळत जागा. २०२५ मध्ये नव्यानं बनणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्या आहेत तशाच आहेत. नियम आधी का झाला नाही, एवढंच त्या दुपारी मनात येत होतं.

सोबत जाणाऱ्यासाठी: माणशी पाच लिटर पाणी, एक सुती पंचा, लिंबू-मीठ-साखर. आणि ड्रायव्हर झोपला असेल तेव्हा केबिनचं दार उघडझाप करू नका. त्याच्या झोपेवर तुमचा जीव अवलंबून आहे.

एक गोष्ट सकाळपासून खटकत होती. भाऊचा एकही फोन आला नव्हता. संध्याकाळी अण्णांनी उलगडा केला. गाडीच्या फास्टॅगचा मेसेज प्रत्येक टोलनाक्यावर भाऊच्या फोनवर जातो. कुठला नाका किती वाजता ओलांडला यावरून गाडी कुठे आहे ते त्याला न विचारता कळतं. चालत्या गाडीवर फोन करायचा नाही, असा दोघांचा करार आहे. सकाळी एकदा, दुपारी थांबल्यावर एकदा, रात्री एकदा, तेही अण्णांनी करायचा. “पूर्वी एका ठिकाणी होतो,” अण्णा म्हणाले, “तिथं दर अर्ध्या तासाला फोन. कुठं पोचला, कुठं पोचला. माणूस रस्त्याकडं बघंल का फोनकडं?”

संध्याकाळी अकोला-अमरावती रस्ता लागला. २०२२ च्या जूनमध्ये इथे ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला होता. भरलेली गाडी त्यावरून इतकी सरळ चालत होती की अण्णा गुणगुणायला लागले.

तिसरा दिवस, सोमवार: अवकाळी

अमरावतीच्या पुढे एका पेट्रोल पंपावर पहाटे चारला उठलो तर अण्णांच्या फोनवर भाऊचा आवाज रेकॉर्ड करून आलेला. भाऊच्याच दोन गाड्या आमच्या पुढे होत्या आणि कोंढाळीजवळ विजा चमकताहेत असं त्या ड्रायव्हरांनी त्याला कळवलं होतं. “अण्णा, ताडपत्री आत्ताच टाका. पाऊस लागल्यावर बांधायला जागा मिळणार नाही.”

आकाशात चांदण्या होत्या. मला वाटलं उगीच घाई करतायत. वीस मिनिटं लागली बांधायला. मी दोरी ओढताना तळहात सोलून घेतले. मोझरीला राष्ट्रसंतांचा आश्रम गेला, तिवसा गेलं आणि कारंज्याच्या अलीकडे पाऊस असा कोसळला की समोरच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसेनात. रस्त्याच्या कडेला दोन गाड्या उघड्या मालासकट भिजत उभ्या होत्या, माणसं वर चढून प्लॅस्टिक धरत होती. आमचा कांदा कोरडा राहिला.

भाऊला रस्ता दिसत नाही, पण चौदा ड्रायव्हरांच्या डोळ्यांनी दिसतो. ज्या ड्रायव्हरला पुढचं दिसतं त्यानं ते कळवलं तरच. आणि कळवलेलं भाऊ वाया घालवत नाही, हे माहीत असलं तरच कोणी पहाटे तीनला थांबून फोन करतो.

पावसानं दोन तास घेतले. नागपूर बाहेरूनच ओलांडलं. भंडाऱ्याजवळ दुपारी एकला थांबलो तेव्हा ऊन कडक पडलं होतं. अण्णांनी जेवायच्याही आधी ताडपत्रीच्या बाजू वर करून बांधल्या. ओल्या ताडपत्रीखाली कांदा उबला असता. मग रायपूरला फोन झाला, भाऊला नाही, थेट आडत्याला: “तीनऐवजी पाच वाजतील.” उशीर होणार हे आधी सांगितलं की हमाल थांबवून ठेवता येतात. पोचल्यावर सांगितलं तर गाडी रांगेच्या शेवटी जाते.

संध्याकाळी साकोली, देवरीच्या जंगलातून गेलो. एका टपरीच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा गोडसर दर्प चहापर्यंत पोचत होता. टपरीवालीनं मूठभर मोहफुलं हातावर ठेवली आणि “थोडीच खा, बाबू” असं बजावलं. अंधारात महाराष्ट्राची हद्द संपली. राजनांदगावच्या पुढे अण्णांनी स्वतःहून गाडी बाजूला घेतली आणि दोन तास झोपले. मी घड्याळ बघत होतो. त्यांनी बघितलं नाही.

चौथा दिवस, मंगळवार: भनपुरीची मंडी

दुर्ग, भिलाई, टाटीबंध करत पाचला दहा मिनिटं कमी असताना भनपुरीच्या आलू-प्याज मंडीत पोचलो. गेटजवळच्या गाळ्याला गाडी लागली आणि वरच्या गोण्या भराभर उतरल्या. साडेसात वाजता मंडीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. अण्णांनी पिंपळगावात कागद का खोडायला लावला ते तेव्हा समजलं.

दुसऱ्या आडत्याकडे मात्र दुपार झाली. थांबलेल्या वेळात हमालांनी मला त्यांच्यात बसवलं. डब्यांत बोरे-बासी होती: रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर मीठ, हिरवी मिरची आणि एक अख्खा कांदा. त्यांनी कांदा आमच्याच गोणीतून पडलेला घेतला आणि बुक्कीनं फोडला. त्या उन्हात तो गार, किंचित आंबट भात पोटात गेला आणि तीन दिवसांची धग उतरली. माझ्या मामाच्या खळ्यातला कांदा या डब्यापर्यंत येतो, हे मला कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

चार गोण्या ओलसर निघाल्या. अण्णांनी त्या स्वतःहून दाखवल्या, बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, तसं लिहून घेतलं, माल मिळाल्याची पोच घेतली आणि फोटो भाऊला पाठवला. पोच हातात आल्याशिवाय भाड्याची बाकी मिळत नाही, म्हणून ती कोणाच्याही हातात सोडायची नाही, थेट केबिनच्या कप्प्यात ठेवायची.

पाचवा दिवस, बुधवार: काट्यावर

परतीचं भाडं भाऊनं आधीच बघून ठेवलं होतं. रायपूरच्या औद्योगिक पट्ट्यातून सिन्नरला लोखंडी अँगल, १८ टन. रिकामी गाडी आणणं परवडतच नाही. ९४० किलोमीटरचं डिझेल आणि टोल, आणि हाती शून्य.

कारखान्यात शिरायच्या आधी अण्णांनी स्वतःच्या खर्चानं बाहेरच्या काट्यावर रिकामी गाडी तोलली. ९ टन ७६० किलो. आत चार तास गेले. भरून बाहेर आलो आणि पुन्हा त्याच काट्यावर चढलो तर आकडा आला ३० टन ९४०. म्हणजे १८ च्या जागी २१ टनांहून जास्त माल. २०१८ च्या जुलैमध्ये ॲक्सलवरची मर्यादा वाढली तेव्हापासून दहा टायर गाडीचं एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालतं. आम्ही त्याच्या जवळजवळ अडीच टन वर होतो. दंड २० हजार, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. पण अण्णा दंडाचं बोललेच नाहीत. “ब्रेक लागायला पायजे तेव्हा लागणार नाही,” एवढंच म्हणाले.

कारखान्याचा माणूस हसत होता. “सगळेच नेतात. ई-वे बिल तयार आहे, निघा.”

अण्णांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी श्वास रोखून ऐकत होतो. भाऊच्या डोक्यावरही हप्ते आहेत, हे भाडं चांगलं होतं आणि दुसरं हाताशी नव्हतं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग भाऊ म्हणाला, “अण्णा, तीन टन उतरवून घ्या. नाही म्हणाले तर सगळाच उतरवा. मी बघतो.”

कारखानेवाल्यांनी अर्थातच सगळा उतरवला. आणखी तीन तास. थांबून राहिल्याचे पैसे मिळाले नाहीत. ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, २४ तासांच्या आत रद्द करता येतं, ते भाऊनं फोनवर मागे लागून रद्द करून घेतलं आणि खात्री झाल्यावरच आम्हाला हलू दिलं. नव्यानं गाडी लावणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: रिकामं आणि भरलेलं, दोन्ही वजनं बाहेरच्या काट्यावर करा आणि पावत्या जपून ठेवा. तेवढे पैसे वाचवू नका.

रात्री टपरीवर बसून पुन्हा नियोजन झालं. भाऊकडे दोन गोष्टी होत्या. सुरतेचं लोखंड, उद्या सकाळी, भाडं भरपूर. किंवा भाटापाऱ्याचे पोहे, नाशिकसाठी, भाडं कमी आणि तिथवर साठ-सत्तर किलोमीटर रिकामं जायचं. मी मनात सुरतेची बेरीज केली. भाऊ म्हणाला, “सुरत केलं तर रविवार हुकतो. वहीत हळद लिहिलीये. पोहे घ्या.”

अण्णा काही बोलले नाहीत. गमछानं तोंड पुसून गाडीकडे गेले.

सहावा ते आठवा दिवस: पोहे

भाटापाऱ्यात पोह्यांच्या गिरण्यांचा वास सगळ्या रस्त्याला आहे, भाजलेल्या भाताचा. महाराष्ट्रात सकाळच्या कढईत पडणारे पोहे इथूनही येतात. हा माल लोखंडाच्या अगदी उलटा. गाडी काठोकाठ भरली तरी वजन बारा टनांच्या आतच. वजनाची चिंता नाही, पण उंचीची आणि पाण्याची फार. ताडपत्री दुहेरी, आणि आधी डाल्याची, म्हणजे माल भरायच्या मागच्या हौद्याची, फळी न् फळी झाडून घेतली. कांद्याचा वास लागला तर पोहे परत येतात. अण्णांनी दोनदा झाडून घेतली, मग स्वतः आत चढून वास घेतला.

गुरुवारी दुपारी निघालो, शुक्रवारी सकाळी नागपूर. ऊन उतरेपर्यंत थांबलो. मग समृद्धीच्या तोंडाशी, शिवमडक्याजवळ, अण्णांनीच फोनवर विषय काढला. “भाऊ, आता समृद्धी धरतो. गाडी हलकी आहे, पुढं रात्र आहे. टोल जास्त लागंल, पण टायरला चालंल.” जाताना नको म्हटलेला रस्ता येताना तेच माणूस मागत होतं, कारण माल बदलला होता. भाऊ म्हणाला, “एक ते चार झोपणार असाल तर जा.”

समृद्धीवर जाणाऱ्यांनी जेवण आणि पाणी नागपुरातच घ्यावं. सहा नंबरसारखे ढाबे तिथे नाहीत, आणि मध्यरात्री चहाची तलफ आली तरी ती तशीच दाबावी लागते.

शनिवारी सकाळी सिन्नरजवळ गोंद्याला उतरलो, साडेनऊला नाशिकला पोहे उतरायला लागले. भाऊ मोटारसायकलवर पिंपळगावहून आला होता. काखेत वही. आधी टायर बघितले, वाकून, आतलेसुद्धा. मग पान उघडून मागच्या चार टायरांपुढे ‘बदलणे’ असं लिहिलं. अण्णांनी पोच दिली, काट्याच्या दोन्ही पावत्या दिल्या. हिशेब उभ्यानंच झाला.

“सोमवारी लासलगावहून भुवनेश्वर आहे,” भाऊ म्हणाला. “बुधवारी दिलं तरी चालेल.”

“बुधवारी,” अण्णा म्हणाले. “मंगळवारी पोरीची पाठवणी आहे.”

भाऊनं शेवटच्या रकान्यातली हळद खोडली आणि तिथे ‘मंगळवार, पाठवणी’ असं लिहिलं.